घरातला आरसीसीबी सारखा पडतो, तेव्हा काय कराल?

पावसाळा तोंडावर आला की वाचकांकडून एक तक्रार हमखास येते. "सगळं नीट चालू असतं आणि एकदम अख्ख्या घराची वीज जाते. बोर्डावरचा खटका वर केला की येते. दोन-चार दिवस काही होत नाही, मग पुन्हा तेच. वायरमन येतो तेव्हा मात्र काहीच सापडत नाही." अनेक घरांत याचा शेवट ठरलेला असतो. कोणीतरी सांगतं, 'हे यंत्रच नाजूक असतं', आणि ते काढून वायर थेट जोडून देतं. वीज जायची थांबते आणि घरातल्या माणसांचा जीव वाचवणारी एकमेव सोय त्याच दिवशी संपते.

आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा हा खटका, अगदीच विनाकारण पडतो, असं क्वचित होतं. बहुतेक वेळा कारण असतं आणि ते शोधायची एक ठरलेली रीत आहे. त्या रीतीचा बराचसा भाग स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता तुम्हाला स्वतः करता येतो. उरलेला भाग परवानाधारक माणसाचा आहे, पण तुमची नोंद तयार असेल तर त्याचं काम पटकन उरकतं आणि तुमचे पैसेही वाचतात.

आधी धोका आहे का ते पाहा

खालीलपैकी काहीही दिसलं तर खटका पुन्हा वर करू नका. मेन स्विच बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

- जळका वास, बोर्डाचा रंग काळपट-पिवळा पडणं, चरचर आवाज
- नळाला, गिझरला, फ्रिजला किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येणं
- बोर्डात पाणी झिरपणं, भिंत ओली असणं
- कोणाला शॉक लागला आणि त्याच क्षणी वीज गेली असणं

शेवटच्या प्रसंगात तर त्या खटक्यामुळेच माणूस वाचलेला असतो. कारण सापडेपर्यंत तो वर करणं म्हणजे दुसऱ्याला त्याच जागी उभं करणं. बोर्ड ओला असेल किंवा हात-पाय ओले असतील तर मेन स्विचलाही हात लावू नका, थेट वीज कंपनीला कळवा.

यातलं काहीच नसेल तर खटका एकदा वर करून पाहायला हरकत नाही. लगेच पडला तर पुन्हा पुन्हा वर करत बसू नका.

नेमकं काय पडलं?

'एमसीबी पडला' असं आपण सरसकट म्हणतो, पण बोर्डाच्या पेटीत दोन वेगळ्या कामांची यंत्रं असतात. त्यांतलं कोणतं पडलं यावर पुढचा सगळा शोध ठरतो.

एमसीबी बहुधा एका बोटाएवढा अरुंद असतो. त्यावर सी१६, बी१० असं काही छापलेलं असतं. वायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. त्याचं काम वायर जळू न देणं.

आरसीसीबी त्याच्या दुप्पट रुंद असतो. थ्री फेज जोडणीत चौपट. त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० मिलीअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा आकडा असतो. जुने लोक आणि बरेच वायरमन याला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो पाहतो. मधला काही करंट जमिनीत, ओल्या भिंतीत किंवा माणसाच्या अंगातून गेला तर हिशोब चुकतो आणि तो पडतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आरसीबीओ या यंत्रात दोन्ही कामं एकत्र असतात. त्यालाही टेस्टचं बटण असतं.

आरसीसीबी जास्त लोडमुळे पडत नाही. तेव्हा 'एसी आणि गिझर एकदम लावला म्हणून ईएलसीबी पडला' हे स्पष्टीकरण जसंच्या तसं स्वीकारू नका. एसी लावल्यावर तो खरंच पडत असेल, पण कारण लोडचं नसून गळतीचं असतं.

केव्हा पडतो याची नोंद ठेवा

अधूनमधून पडणाऱ्या यंत्राचं कारण वायरमनला सापडत नाही, कारण तो येतो तेव्हा भिंत सुकलेली असते आणि गिझर थंड असतो. म्हणून पेटीजवळ एक कागद लावा. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, तेव्हा काय काय चालू होतं, पाऊस होता का, आणि वीज नुकतीच जाऊन आली होती का. आठ-दहा नोंदींत चित्र बहुतेक स्पष्ट होतं.

- सकाळी, गिझर लावल्यावर काही मिनिटांनी: गिझरच्या कॉइलच्या धातूच्या आवरणाला बारीक तडा गेलेला असतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असलेल्या गावांत कॉइलवर क्षार बसतात आणि ती लवकर फुटते. थंड असताना गळती कमी, तापल्यावर वाढते.
- दर काही तासांनी, रात्री-अपरात्री, कोणी हात लावला नसताना: बर्फ न साठणाऱ्या फ्रिजचा डीफ्रॉस्ट हीटर ठरावीक वेळाने आपोआप चालू होतो. संशयितांत त्याचं नाव वर ठेवा.
- कपडे धुताना मध्येच: समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये पाणी तापवणारा हीटर असतो. धुण्याच्या ठरावीक टप्प्यावरच वीज जात असेल तर तोच पाहा.
- पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांनी: गच्चीचा दिवा, फाटकाची बेल, बाल्कनीतलं सॉकेट, बोअरची मोटर, किंवा स्लॅबमधल्या पाइपात झिरपलेलं पाणी.
- पाऊस थांबून ऊन पडलं की आपोआप बरं होणं: वरचंच कारण. बरं झालं म्हणून सोडून देऊ नका. हीच जागा पुढच्या पावसात आणखी खराब झालेली असते.
- वीज कडाडल्यावर, किंवा वीज जाऊन परत आल्यावर: क्षणिक दाबाचा धक्का. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी झालं तर चिंता नको. दरवेळी होत असेल तर आधीपासूनच घरात थोडी गळती आहे आणि धक्का फक्त निमित्त होतो.

कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा हे काम बारा महिने करते. तिथल्या बाहेरच्या दिव्याचा होल्डर उघडला तर पितळी टोकांवर हिरवट थर आणि काचेच्या तळाशी चमचाभर पाणी हे दृश्य अगदी नेहमीचं. त्या ओल्या थरातून करंटला जमिनीची वाट मिळते. पाली आणि मुंग्या बोर्डात मरून पडतात, उंदीर माळ्यावरच्या वायरचं प्लास्टिक कुरतडतात. यादीत त्यांनाही जागा ठेवा.

एमसीबी पडत असेल तर

हे प्रकरण तुलनेने सरळ आहे. किती वेळाने पडतो तेवढं पाहा.

वर करताच पडला तर शॉर्ट आहे. त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा आणि पुन्हा एकदाच वर करा. राहिला तर दोष उपकरणात, पडला तर वायरिंगमध्ये.

काही मिनिटांनी किंवा अर्ध्या-पाऊण तासाने पडत असेल तर लोड जास्त आहे. हिशोब सोपा आहे: उपकरणावरचे वॉट भागिले २३०, म्हणजे अँपिअर. २००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर घेते, १५०० वॉटची किटली साडेसहा, १३०० वॉटचा मायक्रोवेव्ह साडेपाच. तिन्ही एकाच वेळी चालू केले की २१ अँपिअर होतात आणि स्वयंपाकघराचा एमसीबी १६ चा असतो. तो लगेच पडत नाही, आतली पट्टी तापल्यावर पडतो, म्हणून कारण ध्यानात येत नाही. पडल्यावर लगेच वर केला तरी राहत नाही, कारण पट्टी अजून गरम असते. दोन-चार मिनिटं थांबा.

लोड कमी असूनही पडतो आणि हात लावला की गरम लागतो, तर वायरचा स्क्रू सैल झालेला असतो. तो स्वतः आवळायला जाऊ नका. मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या टोकांवर वीज असतेच.

फक्त मोटर किंवा कॉम्प्रेसर चालू होतानाच पडत असेल तर एमसीबीचा प्रकार पाहायला सांगा. 'बी' प्रकार त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडतो, 'सी' ५ ते १० पटीला. मोटरला सुरुवातीला जो जोराचा करंट लागतो त्याला 'सी' सोसतो.

आरसीसीबी पडत असेल तर: एकेक वजा करत जा

हे दिवसा, उजेडात, कोरड्या हाताने आणि पायात रबरी चप्पल घालून करा. पेटीचं बाहेरचं झाकण उघडा. आतलं, स्क्रूने बसवलेलं झाकण उघडू नका. कॉम्प्युटर आधी बंद करा.

१. सगळे एमसीबी खाली करा.

२. आरसीसीबी वर करा. आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावा लागतो, नाहीतर काही कंपन्यांचा खटका अडकतच नाही आणि लोक समजतात यंत्र गेलं.

३. तो राहिला तर एक एमसीबी वर करा आणि दोन मिनिटं थांबा. मग दुसरा. घाई करून सगळे एकदम वर करू नका.

४. ज्या एमसीबीवर आरसीसीबी पडेल त्याचं नाव लिहून घ्या. तो खाली ठेवून बाकी घर चालू करता येतं. वायरमन येईपर्यंत अंधारात बसायची गरज नाही.

५. आता त्या सर्किटवरच्या प्रत्येक उपकरणाचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. भिंतीवरचं बटण सहसा फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि उपकरणात न्यूट्रलच्या बाजूने गळती असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडतो. गिझरबाबत हे फार वेळा होतं. गिझर भिंतीतच थेट जोडलेला असेल तर त्याचं टोक वायरमनकडून सोडवून घ्या.

६. प्लग काढल्यावर एमसीबी वर केला आणि सगळं टिकलं, तर एकेक प्लग परत लावत जा. गुन्हेगार सापडेल. प्लग नसतानाही पडला, तर दोष वायरिंगमध्ये, सॉकेटमध्ये किंवा थेट जोडलेल्या दिव्या-पंख्यात आहे. इथे तुमचं काम संपलं.

उपकरण सापडलं की ते दुसऱ्या खोलीत लावून 'इथे चालतंय' असं पाहू नका. त्या खोलीचं सर्किट आरसीसीबीवर नसेल तर ते तिथे निमूट चालेल आणि त्याच्या पत्र्यावर वीज येईल.

सगळे एमसीबी खाली, तरीही पडतो

वाचक सर्वांत जास्त गोंधळतात ते इथे. सगळं बंद आहे, मग गळती कसली? 'यंत्रच खराब' हा निष्कर्ष इथेच घाईने काढला जातो, म्हणून थोडं थांबून समजून घ्या.

आपल्याकडच्या बहुतेक पेट्यांत एमसीबी एक पोलचे असतात. ते फक्त फेज तोडतात. सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एका पितळी पट्टीवर एकत्र येतात आणि तिथून आरसीसीबीतून बाहेर जातात. म्हणजे सगळे एमसीबी खाली केले तरी घरातली प्रत्येक न्यूट्रल वायर आरसीसीबीला जोडलेलीच असते. त्यातली एखादी कुठे ओल्या भिंतीला, लोखंडी पेटीला किंवा अर्थिंगच्या वायरला टेकली, की परतीचा थोडा करंट तिथून जमिनीत निसटतो आणि आरसीसीबी पडतो. त्यासाठी एक-दोन व्होल्टचा फरकही पुरतो.

याचा विचित्र परिणाम असा, की दोष एका ठिकाणी असतो आणि आळ भलत्यावर येतो. समजा बाल्कनीतल्या दिव्याची न्यूट्रल वायर कपडे वाळत घालायच्या दांडीच्या स्क्रूखाली चेपली आहे. एरवी न्यूट्रलवर फारसा दाब नसतो, म्हणून काही होत नाही. रात्री बेडरूमचा एसी चालू झाला की न्यूट्रलमधून जास्त करंट वाहतो, त्यातला वाटा दांडीतून जमिनीत जातो आणि वीज जाते. एसीच्या कंपनीचा माणूस येतो, एसी तपासतो, त्याला काही सापडत नाही, कारण एसीत काही नसतंच. घरात लोड वाढला की वीज जाते आणि वेगवेगळ्या उपकरणांवर जाते, असं होत असेल तर न्यूट्रलचाच संशय घ्या.

तुम्ही एवढंच करा: घरातले सगळे प्लग, अगदी मोबाइल चार्जर आणि पाण्याच्या फिल्टरसकट, काढा आणि पुन्हा पाहा. एखाद्या उपकरणातूनच न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल तर एवढ्याने कळेल. तरीही पडत असेल तर पुढचं काम परवानाधारक माणसाचं. तो वीज बंद करून न्यूट्रल पट्टीवरच्या वायरी एकेक सोडवतो आणि मेगर या मापकाने ५०० व्होल्टवर न्यूट्रल व अर्थिंगमधला रोध मोजतो. तो १ मेगाओमपेक्षा कमी आला तर ती वायर दोषी. मेगर लावण्यापूर्वी आरसीसीबीची आणि सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जोडणी सोडवायला हवी, नाहीतर त्या दाबाने त्या बिघडतात. हे त्याला आठवण करून द्यायला संकोचू नका.

आरसीसीबीच्या पुढच्या सगळ्या वायरी सोडवूनही तो पडला, तर आणि तरच यंत्र बदला.

इन्व्हर्टर बसवल्यापासून सुरू झालं असेल तर

भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले. ते बसवणारा माणूस बॅटरीचा जाणकार असतो. पेटीतल्या आरसीसीबीशी त्याचं देणंघेणं नसतं. तो फेज आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने उचलतो आणि न्यूट्रल घरातल्या सामाईक पट्टीवर, म्हणजे आरसीसीबीच्या नंतर, जोडून मोकळा होतो. मग फेजचा करंट आरसीसीबीतून जात नाही, पण परत येताना त्यातूनच येतो. हिशोब जुळणं शक्यच नसतं. दोन-चार दिवे लावले तरी फरक ३० मिलीअँपिअरच्या कितीतरी वर जातो.

उपाय वायरिंगचाच आहे: इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल वेगळा काढणं, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही आरसीसीबीच्या एकाच बाजूने घेणं. घरात दोन आरसीसीबी असतील आणि एका सर्किटची फेज पहिल्यावर व न्यूट्रल दुसऱ्यावर गेला असेल तरी असंच होतं. जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्यात ही चूक नेहमी आढळते. छतावर सोलर बसवलं असेल किंवा सोसायटीचा जनरेटर घरात जोडलेला असेल तर त्यांचा न्यूट्रल कुठे जातो तेही तपासून घ्या.

एकही वस्तू दोषी नाही, तरी पडतो

इथे तो १५ ते ३० मिलीअँपिअरचा आकडा आठवा. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर यांतल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगकडे कायमच जातो. प्रत्येकाची गळती अगदी थोडी आणि निर्दोष. पण दहा-बारा वस्तूंची मिळून १२-१५ झाली, की आरसीसीबी काठावर येऊन बसतो आणि फ्रिज चालू होतानाचा हलका धक्काही त्याला पुरतो. नेहमीची गळती यंत्राच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ९ मिलीअँपिअरपेक्षा जास्त नसावी, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. गळती मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींभोवती एकत्र लावला की हा आकडा दोन मिनिटांत कळतो. ज्याच्याकडे हा मीटर आहे तो माणूस शोधा. त्याच्यावर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत.

अशा घरात एकच आरसीसीबी सगळ्या घरावर ठेवण्याऐवजी सर्किटं वाटून दोन किंवा तीन बसवा, किंवा प्रत्येक मुख्य सर्किटाला स्वतंत्र आरसीबीओ द्या. खर्च वाढतो, पण मग गिझरच्या दोषासाठी फ्रिज आणि दिवे बंद पडत नाहीत आणि दोष कुठे आहे ते आपोआप कळतं. नवीन घेताना 'ए' प्रकारचा घ्या. इन्व्हर्टर एसी आणि आधुनिक वॉशिंग मशीनच्या गळतीचा करंट साध्या 'एसी' प्रकारच्या यंत्राला नीट ओळखता येत नाही. यंत्रावर आयएस १२६४० हे मानक छापलेलं असावं.

हे उपाय कोणी सुचवले तर ठाम नकार द्या

- आरसीसीबी काढून थेट जोडणं. 'तात्पुरतं' म्हणून केलेलं हे काम वर्षानुवर्षं तसंच राहतं.
- ३० ऐवजी १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचा बसवणं. ती यंत्रं आगीपासून आणि मोठ्या गळतीपासून वाचवण्यासाठी आहेत, माणसासाठी नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलीअँपिअर हीच कमाल मर्यादा आहे.
- १६ चा एमसीबी काढून ३२ चा लावणं. वायर तीच राहते. आता एमसीबी पडायच्या आधी भिंतीतली वायर तापून वितळते.
- न्यूट्रल आणि अर्थिंग सॉकेटमध्ये एकत्र जोडणं, किंवा नळाच्या पाइपाला अर्थिंग समजणं.
- उपकरणाची अर्थिंगची वायर सोडणं, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडणं.

शेवटच्या युक्तीबद्दल कळकळीने सांगतो, कारण ती 'यशस्वी' होते. गिझरची अर्थिंगची वायर काढली की आरसीसीबी पडायचा थांबतो आणि वायरमनला शाबासकी मिळते. गळती मात्र तशीच असते. आधी ती अर्थिंगमधून जमिनीत जायची, आता तिला वाट नाही, म्हणून ती टाकीच्या पत्र्यावर आणि पाण्यात वाट पाहत राहते. पुढची वाट मिळते ती ओल्या अंगाने शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसातून. आरसीसीबी तेव्हाही बहुधा पडेल, पण शॉक लागल्यानंतर. अर्थिंग चांगलं असलं तर दोष येताच, माणसाने हात लावण्याआधीच तो पडतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत.

आणि आरसीसीबी आहे म्हणून बिनधास्त होऊ नका. माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर करंटचा हिशोब जुळतो आणि यंत्राला काहीच कळत नाही.

वायरमनशी बोलताना

महाराष्ट्रात वीज जोडणीची कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने करायची असतात. परवाना पाहायला मागा. चांगला माणूस त्याने दुखावत नाही. तुमच्या नोंदीचा कागद त्याच्या हातात द्या आणि हे विचारा:

- मेगर आणि गळतीचा क्लॅम्प मीटर आहे का? नुसत्या टेस्टरने हा दोष सापडत नाही.
- आरसीसीबी नेमका किती मिलीअँपिअरला पडतो ते मोजणार का?
- अर्थिंगचा रोध शेवटचा कधी मोजला होता?
- दोष कोणत्या सर्किटात, कोणत्या जागी सापडला ते बिलावर लिहून देणार का?

'यंत्र बदललं, आता बघा' एवढ्यावर पैसे देऊ नका. जुनं यंत्र परत मागून घ्या.

जबाबदारी कोणाची?

मीटरपर्यंतची जोडणी वीज कंपनीची, मीटरनंतरची तुमची. मीटरच्या सीलला तुम्ही किंवा तुमच्या वायरमनने हात लावायचा नाही. तो गुन्हा ठरतो.

दिवे मध्येच प्रखर होत असतील, पंखा अचानक वेगात फिरत असेल, किंवा एक वस्तू चालू केली की दुसऱ्या खोलीतला दिवा जास्त उजळत असेल तर खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल सुटत चालला आहे. हे काम वीज कंपनीचं आहे आणि तातडीचं आहे, कारण न्यूट्रल पूर्ण तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. मेन बंद करून १९१२ वर किंवा बिलावर छापलेल्या क्रमांकावर तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दाद लागली नाही तर वीज कायदा २००३ नुसार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी वाट आहे.

नव्या सदनिकेत राहायला आला असाल तर रेरा कायद्याचं कलम १४ (३) तुमच्या उपयोगाचं आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवांचा दोष निघाला तर तो कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्लॅबमधल्या पाइपात पाणी झिरपत असेल किंवा न्यूट्रलची सरमिसळ निघाली असेल तर परवानाधारकाचा लेखी अहवाल जोडून बिल्डरला लेखी कळवा.

वॉरंटीतल्या उपकरणात गळती निघाली आणि कंपनी 'तुमच्या घरचं वायरिंग खराब' म्हणून हात झटकत असेल, तर मेगरची मोजणी लिहून घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला नोंदीसह लेखी कळवा, आणि करार नव्याने करताना वायरिंग व आरसीसीबीची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहून घ्या.

टेस्टचं बटण दाबा

दर महिन्याला, आरसीसीबी वर असताना आणि वीज असताना, टेस्टचं बटण एकदा दाबा. तो तत्क्षणी पडायला हवा. पडला नाही तर तो निकामी आहे. त्याच आठवड्यात बदला. हे बटण फक्त यंत्र हलतं का ते सांगतं. अर्थिंग ठीक आहे की नाही हे त्यातून कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी, जमीन कोरडी असताना मोजणं सर्वांत योग्य.

तुमच्या पेटीत टेस्टचं बटण असलेलं एकही यंत्र दिसत नसेल, तर तुमच्या घरी वारंवार पडण्याचा त्रास नाही, पण शॉकपासून संरक्षणही नाही. या पावसाळ्याआधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.